मुंबईला खंजीर मिळतो, मराठीला का नाही? रहस्यकथांच्या संस्था आणि त्यांचे पुरस्कार

१९६४ साली लंडनमध्ये मराठी आडनावाच्या एका पोलिस अधिकाऱ्याने बाजी मारली. नाव गणेश घोटे, हुद्दा इन्स्पेक्टर, खातं मुंबई सी.आय.डी. माणूस अर्थातच कागदावरचा. त्याला जन्माला घालणारे इंग्रज लेखक एच. आर. एफ. कीटिंग तोवर भारतात कधी आलेच नव्हते आणि पुढेही जवळपास दहा वर्षं आले नाहीत. त्यांच्या आधीच्या कादंबऱ्या 'फारच ब्रिटिश' म्हणून अमेरिकी प्रकाशक घेईनात, तेव्हा त्यांनी वाचून-ऐकून मुंबई उभी केली. घोटेच्या पहिल्याच कादंबरीला त्या वर्षीचा 'गोल्ड डॅगर', म्हणजे सोन्याचा खंजीर, मिळाला.

तेव्हापासून मुंबईचं या पुरस्कारांशी बरं जमलं आहे. २०२१ मध्ये वसीम खान यांना ऐतिहासिक रहस्यकथेचा खंजीर मिळाला. त्यांची कादंबरी १९५० च्या मुंबईत घडते आणि तपास करते पर्सिस वाडिया ही पारशी इन्स्पेक्टर. अमेरिकेत सुजाता मॅसी यांच्या १९२१ च्या मुंबईतल्या पारशी वकीलबाईंना, पेरवीन मिस्त्रींना, २०१९ मध्ये मेरी हिगिन्स क्लार्क पुरस्कार मिळाला. हे सगळं लेखन मूळ इंग्रजीतलं. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू या नायकांवर पिढ्या पोसलेल्या मराठीच्या वाट्याला मात्र यातलं काही आलं नाही.

आपले लेखक कमी पडले, एवढं म्हणून हा विषय संपत नाही. पुरस्कार कोणाला मिळणार हे परीक्षकांच्या खोलीत ठरतं असं आपण धरून चालतो. पण बरंचसं त्याआधीच, नियमांच्या पानावर ठरून गेलेलं असतं. म्हणून रहस्यकथांचे पुरस्कार समजून घ्यायचे तर विजेत्यांची यादी बाजूला ठेवून नियम वाचावेत. त्यात गंमतही जास्त आहे.

संस्था असते कशासाठी

सोन्याचा खंजीर देते ती ब्रिटनची क्राइम रायटर्स असोसिएशन. ५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या नॅशनल लिबरल क्लबमध्ये जॉन क्रीझी या लेखकाने तिची स्थापना केली. क्रीझी म्हणजे त्यांच्याकडचे बाबुराव अर्नाळकर म्हणा. दोन डझनांहून जास्त टोपणनावं आणि सहाशेच्या आसपास कादंबऱ्या. इतका खप असलेल्या लेखकाला संघटना का लागावी? रहस्यकथा विकल्या जात, पण वाङ्मयाच्या पंगतीत त्यांना पाट मिळत नसे, हे एक. आणि लेखक एकेकटा असला की प्रकाशक करारात काय लिहितो ते त्याला कळत नाही, हे दुसरं. अशा संस्थेचं रोजचं काम आजही याच दोन गोष्टींभोवती फिरतं: करारातली कलमं, मानधनाचे दर, ग्रंथालयांतले कार्यक्रम, आणि एरवी घरी एकटं बसून खून रचणाऱ्या माणसांना अधूनमधून एकत्र बसायला जागा. पुरस्कार हा या सगळ्याचा दर्शनी भाग.

सभासदत्व सरसकट कोणालाही मिळत नाही. पूर्ण सभासदासाठी गुन्हेगारी विषयावरचं प्रसिद्ध झालेलं किमान एक पुस्तक लागतं. एजंट (लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारा), संपादक, समीक्षक यांची सोय सहयोगी सभासदांत होते.

याच्याही आधीची संस्था म्हणजे १९३० साली लंडनमध्ये सुरू झालेला डिटेक्शन क्लब. तो पुरस्कार देत नाही. पण नियमांचं वेड कुठवर जाऊ शकतं हे बघायचं तर तो बघावा. जी. के. चेस्टरटन पहिले अध्यक्ष. पुढे डोरोथी सेयर्स आणि १९५७ पासून ॲगाथा ख्रिस्ती. ख्रिस्तीबाईंना भाषणाचा इतका संकोच की बोलायचं काम करायला लॉर्ड गोरेल यांना सहअध्यक्ष नेमावं लागलं. नव्या सभासदाला एका कवटीवर हात ठेवून शपथ घ्यावी लागे. कवटीचं नाव एरिक. शपथेचा मतलब असा: माझा गुप्तहेर गुन्हा स्वतःच्या डोक्याने उकलेल, दैवी साक्षात्कार, बायकी अंतःप्रेरणा, मंत्रतंत्र, हातचलाखी, योगायोग किंवा देवाची करणी यांच्या आधाराने नाही. आणि महत्त्वाचा पुरावा मी वाचकापासून लपवणार नाही. शपथ मोडलीच तर शापही ठरलेला होता. तुझी कथानकं इतरांना आधीच सुचोत, प्रकाशक तुला करारात नाडोत, परके लोक तुझ्यावर अब्रूनुकसानीचे दावे लावोत, तुझी पानं मुद्रणदोषांनी बुजबुजोत आणि तुझा खप घटत जावो. लेखकाच्या मनात खरी भीती कशाची असते, ते या शापात अचूक आलं आहे.

हा थट्टेचा मामला वाटला तरी त्यातून एक पक्कं तत्त्व रुजलं. रहस्यकथा म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातला डाव, आणि डाव आला की नियम आले.

अमेरिकेत १९४५ मध्ये न्यूयॉर्कला मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका स्थापन झाली. तिचं ब्रीदवाक्य इंग्रजी म्हणीवरची कोटी आहे. 'गुन्ह्यातून काही मिळत नाही' ही मूळ म्हण. यांनी शेवटी एक शब्द जोडून केलं, 'गुन्ह्यातून पुरेसं मिळत नाही'. पैशाची ही कुरकुर नुसती विनोदापुरती नव्हती. संस्था मान्यताप्राप्त प्रकाशकांची यादी ठेवते. लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक छापणाऱ्याला त्या यादीत जागा नाही. २००९ च्या डिसेंबरात हार्लेक्विन या बलाढ्य प्रकाशनसंस्थेला यादीतून काढण्यात आलं, कारण तिने लेखकाच्या पैशाने पुस्तकं काढणारी एक शाखा सुरू केली होती. ('मिल्स अँड बून' तिचीच.) परिणाम असा की हार्लेक्विनच्या पुढच्या करारांतली पुस्तकं संस्थेच्या एडगर पुरस्काराला अपात्र ठरणार होती, त्या लेखकांनी एक पैसा दिलेला नसला तरी. निर्णय कडक होता आणि त्यात निरपराध लेखक भरडले जाण्याचा धोका होता. पण पुरस्काराचा खरा वचक कुठे असतो ते यावरून कळतं. प्रकाशकाला एडगरचा शिक्का मुखपृष्ठावर हवा असतो, त्यामुळे तो शिक्का ज्यांच्या हातात आहे त्यांचं प्रकाशक ऐकतो.

एडगर म्हणजे रहस्यकथेचे आद्य अमेरिकी लेखक एडगर ॲलन पो. पुरस्कार म्हणून त्यांचा चिनीमातीचा अर्धपुतळा मिळतो, रोख रक्कम नाही. पहिला एडगर १९४६ मध्ये, आणि तो पहिल्या कादंबरीसाठी होता. सर्वोत्कृष्ट कादंबरीचा वेगळा एडगर १९५४ पासून.

चार फाटकं

कुठल्याही पुरस्काराचे नियम वाचताना चार प्रश्न विचारले की त्याचं सगळं अंतरंग उघडं पडतं. पुस्तक कोण पाठवू शकतं? कुठे आणि कधी प्रसिद्ध झालेलं चालतं? कुठल्या भाषेतलं? आणि निकाल कोण देतं? ही फाटकं समजा. एकेक ओलांडताना निम्मीअधिक पुस्तकं गळतात, आणि त्यात वाईट पुस्तकंच गळतात असं नाही.

पहिल्या फाटकावर सर्वांत जास्त घोटाळे होतात. डॅगरच्या मुख्य विभागांत पुस्तकं प्रकाशक पाठवतो. लेखकाला वाटतं, पुस्तक चांगलं आहे, कोणीतरी दखल घेईलच. तसं होत नाही. न पाठवलेलं पुस्तक परीक्षकांसमोर येतच नाही. छोट्या प्रकाशकाकडे या कामाला माणूस नसतो, तारीख निघून जाते आणि पुस्तक संपतं. एडगरमध्ये पुस्तकाची एकेक प्रत समितीतल्या प्रत्येक परीक्षकाला पोहोचवावी लागते. मुख्य विभागात वर्षाकाठी काहीशे पुस्तकं येतात. वर्षाअखेरीस गठ्ठ्याने आलेली पुस्तकं आणि मार्चमध्ये निवांतपणे आलेलं एखादं पुस्तक यांना सारखाच वेळ मिळेल ही अपेक्षा भाबडी आहे. म्हणून जाणते प्रकाशक पुस्तक छापून हातात आलं की लगेच पाठवतात, शेवटच्या तारखेची वाट बघत नाहीत.

दुसरं फाटक प्रसिद्धीच्या जागेचं. डॅगरसाठी पुस्तक ब्रिटनमध्ये आणि एडगरसाठी अमेरिकेत प्रसिद्ध झालेलं लागतं. दिल्लीत किंवा मुंबईत इंग्रजीत निघालेली उत्तम कादंबरी तेवढ्याने पात्र होत नाही. तिथल्या प्रकाशकाने तिथे आवृत्ती काढली पाहिजे. एडगरचा पहिल्या कादंबरीचा विभाग तर नावातच 'अमेरिकी लेखकाची' असं सांगतो.

तिसरं फाटक भाषेचं, आणि इथली हकिकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

सोन्याच्या खंजिराचं आधीचं नाव होतं 'क्रॉस्ड रेड हेरिंग'. रेड हेरिंग म्हणजे वाचकाला चकवायला पेरलेला खोटा माग. १९५५ मध्ये या नावाने पहिला पुरस्कार विन्स्टन ग्रॅहम यांना गेला आणि १९६० मध्ये त्याचा 'गोल्ड डॅगर' झाला. भाषेची अट तेव्हा नव्हती. इंग्रजीत आलेलं कुठलंही पुस्तक चाले. मग २००१ मध्ये तो स्वीडनच्या हेनिंग मँकेल यांना मिळाला, २००२ मध्ये स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्या होसे कार्लोस सोमोझा यांना आणि २००५ मध्ये आइसलँडच्या अर्नाल्डुर इंद्रिदासन यांना. पाच वर्षांत तीन वेळा खंजीर अनुवादित कादंबरीकडे गेला. इंग्रजी लेखकांमध्ये चुळबुळ सुरू झाली. लगेच नियम बदलला: यापुढे गोल्ड डॅगर फक्त मूळ इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकाला. त्याच सुमारास डंकन लॉरी बँक प्रायोजक म्हणून आली आणि रक्कम २०,००० पौंडांवर गेली. रहस्यकथेसाठी ही रक्कम फार मोठी होती. पैसा मोठा झाला आणि त्याच वेळी दार अरुंद झालं. हा योगायोग मानायचा तर डिटेक्शन क्लबची शपथ आड येते.

नाराजी झाली, आणि ती रास्त होती. अनुवादित पुस्तकांसाठी २००६ पासून स्वतंत्र 'इंटरनॅशनल डॅगर' सुरू झाला: लेखकाला ५,००० पौंड, अनुवादकाला १,०००. पहिलाच खंजीर फ्रेंच लेखिका फ्रेड व्हार्गास आणि त्यांच्या अनुवादक सिआन रेनल्ड्स यांना मिळाला. दुसऱ्या वर्षीही याच जोडीला. मोठ्या पंगतीतून उठवून शेजारच्या खोलीत वेगळं पान वाढलं, असं याचं वर्णन करता येईल. तरी त्या खोलीत एक चांगली गोष्ट घडली. अनुवादकाचं नाव आणि पैसे नियमांतच लिहिले गेले. बँकेचा आधार २००८ नंतर संपला आणि गोल्ड डॅगरची मोठी रक्कमही गेली, पण अनुवादाचा खंजीर टिकला. आता त्याचं नाव सरळ 'अनुवादित रहस्यकथेचा डॅगर' असं आहे.

मराठीला खंजीर का नाही, याचं बरंचसं उत्तर या तीन फाटकांत आहे. मराठी कादंबरी आधी इंग्रजीत यायला हवी, तो अनुवाद ब्रिटनमधल्या प्रकाशकाने तिथे काढायला हवा, आणि त्याने ती वेळेत पाठवायला हवी. यातली एकही पायरी लेखकाच्या एकट्याच्या हातात नाही. आइसलँडची लोकसंख्या पुण्याच्या काही उपनगरांत मावेल. पण उत्तरेकडच्या पाच देशांच्या रहस्यलेखकांच्या संघटनेने १९९२ मध्येच 'ग्लास की' नावाचा पुरस्कार सुरू केला. डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे आणि स्वीडन, प्रत्येकाचं एकेक पुस्तक स्पर्धेत. पहिला मान हेनिंग मँकेल यांचाच. आइसलँडच्या अर्नाल्डुर यांनी तो लागोपाठ दोन वर्षं, २००२ आणि २००३ मध्ये, घेतला. लंडनचा खंजीर त्यानंतर. परक्या देशातल्या संपादकाला आइसलँडिक वाचता येत नाही, पण शेजाऱ्यांनी काय निवडलं ते कळतं. आपल्याकडे 'धनंजय'सारखे दिवाळी अंक रहस्यकथेला वर्षानुवर्षं जागा देत आले, वाचकही कधी कमी नव्हते. पण दर वर्षी बाहेरच्या प्रकाशकाच्या टेबलावर ठेवता येईल अशी पाच नावांची यादी वेगळी गोष्ट आहे.

चौथं फाटक, निकाल कोण देतं. एडगरमध्ये लेखकच लेखकांना तपासतात. ज्या विभागाचे तुम्ही परीक्षक, त्यात तुमचं पुस्तक चालत नाही. वाचकांच्या संमेलनांतले पुरस्कार अगदी उलट. अमेरिकेत १९७० पासून भरणाऱ्या बाउचरकॉन संमेलनात 'अँथनी' पुरस्कार १९८६ पासून आहे आणि मत देतात संमेलनाला आलेले लोक. रक्तपात फारसा न दाखवणाऱ्या पारंपरिक रहस्यकथांचं संमेलन वेगळं, त्याचा पुरस्कार 'अगाथा', आणि बक्षीस म्हणून चहाची किटली. ब्रिटनमध्ये हॅरोगेटला वर्षाच्या सर्वोत्तम रहस्यकादंबरीला ३,००० पौंड आणि बिअरचं कोरीव लाकडी पिंप मिळतं. प्रायोजक बिअरवाले आहेत हे वेगळं सांगायला नको. लोकमताच्या पुरस्कारात आधीच प्रसिद्ध असलेला लेखक पुढे जातो. परीक्षकांच्या पुरस्कारात कधीकधी असं पुस्तक जिंकतं जे चौघांना आवडलेलं नसतं, पण चौघांनाही चालणारं असतं. दोष दोन्हीकडे आहेत, वेगवेगळे.

मोजणाऱ्या बायका

पुस्तक या फाटकांपर्यंत पोहोचण्याआधी आणखी एक चाळणी असते: वर्तमानपत्रातलं परीक्षण. १९८० च्या दशकात अमेरिकेत बायका रहस्यकथा मोठ्या संख्येने लिहीत होत्या, पण एडगरच्या याद्यांत आणि परीक्षणांच्या रकान्यांत क्वचित दिसत. ज्येष्ठ लेखिका फिलिस व्हिटनी यांनी लेखकसंघाला तसं पत्रच लिहिलं. १९८६ च्या बाउचरकॉनमध्ये सारा पॅरेट्स्की यांच्या पुढाकाराने काही जणी एकत्र बसल्या आणि त्यातून 'सिस्टर्स इन क्राइम' ही संस्था उभी राहिली.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर मोजलं. वर्तमानपत्रं आणि मासिकं घ्यायची, रहस्यकथांची परीक्षणं किती, त्यात बायकांच्या पुस्तकांची किती, आणि निघणाऱ्या पुस्तकांत बायकांचा वाटा किती. तक्रार आकड्यांत मांडली की संपादकाला 'आम्ही फक्त गुणवत्ता बघतो' एवढं म्हणून सुटता येत नाही. जोडीला सभासद लेखिकांच्या उपलब्ध पुस्तकांची यादी छापून दुकानांना आणि ग्रंथालयांना पाठवली. ग्रंथपालाला खरेदीचा कागद हातात मिळाला की तो तुमच्या बाजूने काम करतो. ऑस्ट्रेलियातल्या शाखेने तर २००१ पासून स्वतःचाच 'डेव्हिट' पुरस्कार सुरू केला. तो एलन डेव्हिट यांच्या नावाने आहे. त्यांची खुनाची कादंबरी १८६५ मधली. विस्मृतीत गेलेल्या एका लेखिकेचं नाव त्यामुळे दर वर्षी उच्चारलं जातं.

संस्थांच्या हातून चुकाही होतात. २०१८ मध्ये अमेरिकी संघाने आपला सर्वोच्च सन्मान एका लेखिकेला जाहीर केला. त्या पूर्वी सरकारी वकील होत्या, आणि एका गाजलेल्या खटल्यात निरपराध मुलांना शिक्षा झाली होती, त्यातल्या त्यांच्या भूमिकेवर सभासदांनी बोट ठेवलं. दोन दिवसांत सन्मान मागे घ्यावा लागला. जीवनगौरवात पुस्तकाबरोबर माणसाचीही निवड होते. ती करताना पुस्तकापलीकडची चौकशी आधी केली नाही, तर जाहीर झाल्यावर इतर लोक करतात.

हस्तलिखितावर मिळणारे पुरस्कार

नवोदितासाठी खरा उपयोगाचा प्रकार हा. इथे छापील पुस्तक लागत नाही, त्यामुळे वरची दोन-तीन फाटकं आपोआप गळून पडतात.

जपानचा एदोगावा राम्पो पुरस्कार या प्रकाराचा उत्तम नमुना. 'एदोगावा राम्पो' हे टोपणनाव भरभर म्हणून बघा, 'एडगर ॲलन पो' ऐकू येईल. या लेखकाने साठाव्या वाढदिवसाला, १९५४ मध्ये, दहा लाख येन दिले आणि त्यातून पुरस्कार निघाला. १९५७ पासून तो अप्रकाशित कादंबरीला देतात आणि विजेती कादंबरी कोदान्शा ही प्रकाशनसंस्था छापते. त्याच वर्षी तो मिळाला निकी एत्सुको यांना. लहानपणीच्या मणक्याच्या क्षयामुळे त्या चालू शकत नव्हत्या, घराबाहेर पडणं जवळजवळ नव्हतंच. वशिला, ओळखी, संपादकांच्या भेटी यातलं काहीही शक्य नसलेल्या बाईचं पुस्तक जपानभर खपलं. आज आपल्याकडेही वाचले जाणारे केइगो हिगाशिनो १९८५ मध्ये याच दारातून आत आले.

फ्रान्समध्ये 'के दे ऑर्फेव्र' पुरस्कार आहे, १९४६ पासूनचा. पॅरिसच्या गुन्हे पोलिसांच्या जुन्या मुख्यालयाच्या रस्त्याचं हे नाव. हस्तलिखितावर लेखकाचं नाव नसतं आणि परीक्षकांत पोलिस, न्यायाधीश, वकील, पत्रकार बसतात. कथा रंगतदार हवीच, पण पोलिस आणि न्यायव्यवस्थेचं कामही खरं उतरायला हवं. वॉरंटशिवाय झडती घेणारा तुमचा बहाद्दर नायक इथे पहिल्या फेरीत बाद होईल. रोख रक्कम ७७७ युरो, म्हणजे नावापुरती. खरं बक्षीस असं की पुस्तकाच्या निदान ५०,००० प्रती छापल्या जातात.

ब्रिटनच्या संस्थेचा या प्रकारातला खंजीर १९९८ पासून 'डेब्यू डॅगर' म्हणून चालला. आता त्याला 'इमर्जिंग ऑथर डॅगर' म्हणतात. ज्याची कादंबरी अजून प्रसिद्ध झालेली नाही अशा जगातल्या कोणालाही इंग्रजीत प्रवेशिका पाठवता येते. शुल्क पौंडांत. अनेक वर्षं ठरलेला आराखडा असा: कादंबरीची सुरुवात, कमाल ३,००० शब्द, आणि संपूर्ण कथेचा सारांश, कमाल १,५०० शब्द. नियम दर वर्षी थोडेफार हलतात, तेव्हा त्या वर्षीचं पान वाचूनच फाइल बनवावी. पूर्ण कादंबरी तयार असावी लागत नाही. २००७ मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावरचे कॅनेडियन लेखक ॲलन ब्रॅडली पंधराएक पानांवर जिंकले. कथा इंग्लंडमधली, आणि इंग्लंडला ते पहिल्यांदा गेले ते पुरस्कार घ्यायला. पुस्तक तोवर लिहून झालंच नव्हतं. प्रकाशकांनी ते तसंच विकत घेतलं आणि मग ब्रॅडली लिहायला बसले. न जिंकताही काम होतं. लुईज पेनी २००४ मध्ये दुसऱ्या आल्या, त्यावरून त्यांना एजंट मिळाला, आणि छापून आल्यावर तीच कादंबरी २००६ मध्ये पहिल्या पुस्तकाचा खंजीर घेऊन गेली. परीक्षकांबरोबर एजंट आणि संपादकही या अंतिम यादीवर नजर ठेवून असतात, हे शुल्क भरण्याचं मुख्य कारण.

प्रवेशिका कुठे फसतात? बहुतेक वेळा सारांशात. नवा लेखक सारांशाला पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरचा मजकूर समजतो. समजा कथा साखर कारखान्यातल्या वजनकाट्यावरच्या कारकुनाच्या खुनाची आहे. चुकीचा सारांश असा संपतो: 'तपास जसजसा पुढे जातो तसतशी धक्कादायक सत्यं बाहेर येतात आणि इन्स्पेक्टरला स्वतःच्याच माणसांवर संशय घ्यावा लागतो.' यातून परीक्षकाला काहीही कळत नाही. बरोबर सारांश सगळं सांगून टाकतो: 'खुनी कारकुनाचा मेव्हणा, मुकादम. दोघं मिळून उसाच्या गाड्यांचं वजन कमी दाखवत. कारकून कबुली द्यायला निघाला म्हणून त्याला संपवलं. मुकादम म्हणतो, मी त्या रात्री गावाला होतो. पण त्याच्या टोळीच्या गाडीच्या वजनपावतीवर रात्री दोन वाजून दहा मिनिटांची वेळ आणि त्याची सही आहे. ही पावती वाचकाने दुसऱ्या प्रकरणात पाहिलेली आहे.' शेवटचं वाक्य सोन्याचं. पुरावा आधी पेरला आहे आणि वाचकाशी डाव सरळ खेळला आहे, हे त्यात येतं. खुनी कोण हे परीक्षकापासून लपवण्यात काही अर्थ नाही, कारण तो वाचायला बसलेला नसतो, बांधकाम तपासायला बसलेला असतो.

सुरुवातीच्या तीन हजार शब्दांचं दुखणं निराळं. पहिले आठशे शब्द पाऊस, पहाट आणि नायकाची झोपमोड यांत जातात. पुढे एकाच पानावर सात माणसं नावानिशी येतात. पुणेरी वाचकाला जोशी, जोगळेकर आणि जोग वेगळे वाटतील, परक्या परीक्षकाला एकच वाटतील. नावांची पहिली अक्षरं वेगवेगळी ठेवली की निम्मा गोंधळ मिटतो. मराठी शब्दांना दर वेळी कंसात अर्थ देऊ नये. 'वहिनी' हाक मारणारा कोण आणि ती ओ देणारी कोण हे प्रसंगातून दिसलं की पुरतं. बाकी बाद व्हायची कारणं अगदी क्षुल्लक असतात. पानाच्या शिरोभागी राहून गेलेलं स्वतःचं नाव, ३,०४० शब्द, सारांशात दुसऱ्या प्रकरणापासून बदललेलं नायिकेचं नाव.

कादंबरीएवढा दम नसेल तर याच संस्थेची मार्जरी ॲलिंगहॅम कथास्पर्धा बघावी: अप्रकाशित कथा, ३,५०० शब्दांपर्यंत. तिथे कथेला ॲलिंगहॅमबाईंनी स्वतः केलेली व्याख्या लागू होते. रहस्यकथा चौकोनी पेटीसारखी, आणि तिच्या चार भिंती म्हणजे गुन्हा, गूढ, तपास आणि ज्यात थोडंसं समाधान आहे असा शेवट. नुसती भयकथा, किंवा गुन्हा आहे पण तपास नाही अशी कथा, लेखन कितीही चांगलं असलं तरी एक भिंत कमी म्हणून बाहेर राहते.

आणि मूळ मराठी कादंबरीच अनुवादाच्या खंजिरापर्यंत न्यायची असेल, तर काम करारापासून सुरू होतं. मराठी प्रकाशकाबरोबरच्या करारात भाषांतराचे हक्क कोणाकडे आहेत ते बघा. लेखकाकडे नसतील तर ते आधी लेखी परत मागून घ्या. मग इंग्रजीत लिहिण्याची सवय असलेला अनुवादक गाठून पहिली तीन-चार प्रकरणं आणि वरच्यासारखा, खुनी उघड सांगणारा सारांश तयार करा. अनुवादकाचं नाव, त्याचं मानधन आणि पुरस्कार मिळाल्यास त्याचा हिस्सा अनुवादकाबरोबरच्या करारात लिहून ठेवा. ब्रिटनच्या प्रकाशकाला नमुना पाठवताना हक्कांचा आणि अनुवादकाच्या कराराचा असे दोन्ही कागद जोडलेले असले की हक्क कोणाकडे, हा त्याचा पहिला प्रश्न सुटलेला असतो.